बेसबॉलमधील अडथळा व पंचाचा निर्णय

"गुरुजी, मी मुद्दाम नाही केले!" खेळाच्या तासाला हे वाक्य ऐकले नाही असा शिक्षक विरळाच. अशा वेळी मुलाच्या मनातील हेतू शोधावयाचा, की दुसऱ्याचे झालेले नुकसान पाहावयाचे? अमेरिकेतील बेसबॉल या खेळाच्या नियमांत या प्रश्नाचे मननीय उत्तर सापडते.

बेसबॉलच्या मैदानात नव्वद फूट बाजूचा एक चौरस असून त्याच्या कोपऱ्यांवर तीन बेस व चौथी होम प्लेट असते. चेंडू टोलविणारा खेळाडू धावक बनतो. तिन्ही बेसना क्रमाने स्पर्श करून तो होम प्लेटवर परतला म्हणजे त्याच्या संघास एक धाव मिळते. तो बेसवर नसताना क्षेत्ररक्षकाने चेंडू हाती घेऊन त्यास स्पर्श केला, तर तो बाद होतो.

आता अडथळा कशास म्हणावयाचे? ज्याच्या हाती चेंडू नाही आणि जो चेंडू अडविण्याच्या कृतीतही गुंतलेला नाही, अशा क्षेत्ररक्षकाने धावकाची गती रोखली, म्हणजे अडथळा झाला. त्याने तो जाणूनबुजून केला किंवा कसे, हे पंच विचारीत नाही. मात्र टोलविलेला चेंडू अडवीत असलेल्या क्षेत्ररक्षकास वाट देणे हे धावकाचे कर्तव्य होय. तेथे धावकच दोषी ठरतो.

अडथळ्याचे दोन प्रकार आहेत. ज्या धावकास बाद करण्याचा प्रयत्न चालू आहे त्यालाच अडथळा झाला, तर पंच दोन्ही हात डोक्यावर उंचावून खेळ तत्काळ थांबवितो व त्या धावकास निदान एक बेस पुढे देतो. धावकाविरुद्ध तसा प्रयत्न चालू नसेल, तर पंच अडथळ्याकडे बोट दाखवून तो जाहीर करतो, पण खेळ थांबवीत नाही. सर्व हालचाल संपल्यावर तो मनाशी एकच प्रश्न विचारतो : अडथळा झाला नसता, तर धावक कोठवर पोचला असता? त्याच्या मते जेथवर पोचला असता, तेथवर त्यास जागा दिली जाते.

२६ ऑक्टोबर २०१३ रोजी सेंट लुईस येथे जागतिक मालिकेच्या तिसऱ्या सामन्यात या नियमाची कसोटी लागली. सेंट लुईस कार्डिनल्स व बॉस्टन रेड सॉक्स यांची बरोबरी होती आणि शेवटचा, नववा डाव चालू होता. कार्डिनल्सचा ॲलन क्रेग तिसऱ्या बेसकडे धावला. त्यास बाद करण्यासाठी फेकलेला चेंडू भरकटला व तो अडविण्यासाठी झेपावलेला विल मिडलब्रूक्स जमिनीवर पडला. होम प्लेटकडे निघालेला क्रेग त्यास अडखळून कोसळला. पंच जिम जॉयस यांनी तत्क्षणी बोट दाखविले. क्रेग उठून धावला, परंतु त्याच्या आधीच चेंडू होम प्लेटवर आला व त्यास स्पर्शही झाला. तरीही तेथील पंच डेना डिम्यूथ यांनी त्यास नाबाद ठरविले आणि कार्डिनल्सनी सामना ५-४ असा जिंकला. मिडलब्रूक्सने मुद्दाम काही केले नव्हते. चेंडू निघून गेल्यावर तो वाटेत पडून राहिला, एवढेच. रेड सॉक्सचे खेळाडू फार संतापले. तथापि निर्णय कायम राहिला आणि पुढे मालिका मात्र त्यांनीच जिंकली.

या नियमात पंच अडविणाऱ्यास दुष्ट ठरवीत नाही. अडविल्या गेलेल्याचे जे हिरावले गेले ते त्यास परत देतो. शिवाय त्याने अडथळा घडताच खूण केलेली असते, म्हणून निकाल पाहून निर्णय फिरविला असा संशय उरत नाही. आपल्या शाळेच्या अंगणात पंचाचे काम करताना शिक्षकांनी या दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. "मुद्दाम केले नाही" म्हणणाऱ्या मुलावर विश्वास ठेवावा, आणि पडलेल्या मुलास त्याची जागाही द्यावी.