अर्ध्या मिलिमीटरची टकटक

मॉडेल रेल्वेचं जुनं छोटं इंजीन नव्या, बुटक्या रुळांवर ठेवलं की कधी कधी एक बारीक आवाज सुरू होतो. टकटक, टकटक. दिवा लुकलुकतो, इंजीन अडखळतं आणि थांबतं. मोटर ठणठणीत असते, रूळही चकचकीत. दोष असतो तो चाकाच्या आतल्या बाजूला उभ्या असलेल्या कडेत, म्हणजे फ्लँजमध्ये.

हे इंजीन ‘एन’ गेजचं आहे असं समजू. दोन रुळांमधलं अंतर 9 मिमी आणि युरोप-अमेरिकेतलं प्रमाण 1:160. या प्रमाणात अनेक वर्षं चालत आलेला रूळ 2.03 मिमी उंच. याला 160 ने गुणा, उत्तर येतं सव्वातीनशे मिमी. एवढा फूटभर उंच रूळ जगातल्या कुठल्याही रेल्वेमार्गावर दिसणार नाही. आपल्याकडचा मीटरला 60 किलोचा रूळ 172 मिमी उंच असतो. म्हणून हौशी मंडळी ‘कोड 55’कडे वळली, म्हणजे 0.055 इंच, जेमतेम 1.4 मिमी उंचीच्या रुळाकडे. तोही प्रमाणापेक्षा उंचच आहे, पण डोळ्यांना पटतो.

रूळ खाली आला, जुन्या चाकाची कड मात्र होती तेवढीच राहिली. ती सुमारे 0.9 मिमी खोल असते. खऱ्या गाडीच्या हिशेबात हे झाले 144 मिमी, आणि आपल्या गाड्यांच्या नव्या चाकाची कड असते 28.5 मिमी. पाचपट! हौशी लोक अशा चाकांना ‘पिझ्झा कटर’ म्हणतात. बुटक्या रुळाच्या आतल्या बाजूला, स्लीपरवर प्लास्टिकमध्येच ओतलेल्या खिळ्यांची इवली डोकी असतात. कड त्यांच्यावर आपटते तीच ही टकटक. प्रत्येक ठोक्याला चाक रुळावरून केसभर उचललं जातं. रुळातून येणारी वीज चाकातूनच मोटरला मिळते. चाक उचललं की ती तुटते.

इतकी खोल कड ठेवण्यामागे निष्काळजीपणा नव्हता. 120 टनांचं इंजीन लांबी, रुंदी, उंचीत 160 पटींनी आकसलं तर वजन उरतं 29 ग्रॅम. म्हणून कारखानदार पोटात धातूचा ठोकळा भरतात. धूळ आणि सांध्यातली फट मात्र प्रमाणात लहान होत नाहीत. वळणं तर भलतीच तीव्र. टेबलावरची 25 सेंमी त्रिज्या म्हणजे प्रत्यक्षात 40 मीटर. भारतीय ब्रॉडगेजवर सर्वांत तीव्र वळणाची त्रिज्याही 175 मीटर आहे. इतक्या हलक्या गाडीला अशा वळणावर धरून ठेवायला खोल कड हा सोपा उपाय होता.

उपाय बदलला तो आकारामुळे. अमेरिकेतल्या ‘एनएमआरए’ या मॉडेल रेल्वे हौशींच्या संघटनेने ‘आरपी-25’ नावाचा चाकाचा छेद सुचवला. त्यात कड उथळ आहे, पण कड आणि रुळावर टेकणारा भाग यांच्यामध्ये गोलसर उतार आहे. चाक एका बाजूला सरकलं की या उतारावर किंचित चढतं आणि स्वतःच्याच वजनाने पुन्हा मध्याकडे घसरतं. निम्म्या उंचीची कड तेच काम करते, ही गोष्ट मला अजून थक्क करते.

दुरुस्ती करताना आधी दोन चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर व्हर्निअरने तपासावं, कारण ते चुकलं असेल तर कड घासून काहीच हाती लागत नाही. उथळ कडेची तयार चाकं मिळत असतील तर तीच बसवावीत. नाहीतर इंजीन उलटं धरून मोटरला वीज द्यायची आणि फिरत्या कडेच्या टोकाला बारीक कानस अलगद टेकवायची. गिअर आधी कागदाने झाकावेत. मोटरमधलं चुंबक लोखंडी कीस ओढून घेतं. रुळावर टेकणाऱ्या भागाला कानस लागता कामा नये. थोडं घासायचं, मोजायचं, पुन्हा घासायचं. कड अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आली की ती खिळ्यांवर आपटत नाही.

इंग्लंडच्या ‘पेको’ कंपनीने चाकाला हातच लावला नाही. त्यांचा ‘कोड 55’ रूळ मुळात उंच आहे, पण त्याचा खालचा भाग स्लीपरमध्ये गाडलेला. वर दिसतो तेवढाच बुटका, आणि आतल्या बाजूला खिळ्यांची अडचण नाही, त्यामुळे जुनी चाकंही बिनबोभाट धावतात.

‘प्रोटो:87’ मानक पाळणारे हौशी दुसऱ्या टोकाला गेले. 1:87 च्या प्रमाणात त्यांची कड अस्सल मापाची, सुमारे 0.3 मिमी. तेवढ्या कडेवर गाडी रुळांवर राहावी म्हणून रूळ कमालीच्या काटेकोरपणे टाकावे लागतात, आणि बरेच जण आसांना खरीखुरी, हलणारी स्प्रिंगही बसवतात.