खरे नाणे, खोटे नाणे : रोमन नाण्यांची पारख

खरे नाणे खणखणीत वाजते, असे आपण म्हणतो आणि माणसाची पारखही याच शब्दांत करतो. परंतु दोन हजार वर्षे जमिनीत पडून राहिलेल्या नाण्यास हा नियम लागू पडत नाही. जुनी चांदी काळाने ठिसूळ होते, तिला सूक्ष्म भेगा जातात. असे नाणे फरशीवर वाजवून पाहिले, तर ते बद्द वाजेल किंवा त्याचे दोन तुकडे होतील. उलट, काल-परवा पाडलेले नकली नाणे सुरेख नाद देईल. मग प्राचीन नाण्याची पारख करावी तरी कशी? रोमन नाण्यांचे उदाहरण घेऊन या प्रश्नाचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

रोमन नाणी आपणांस अगदीच परकी नाहीत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात मिरी, तलम वस्त्रे आणि रत्ने यांच्या मोबदल्यात रोमचे सोने-चांदी आपल्या देशात येत असे. संस्कृतातील ‘दीनार’ हा शब्द रोमन ‘देनारिउस’ या चांदीच्या नाण्याच्या नावावरूनच आला आहे. १८९८ साली तमिळ प्रदेशातील पुदुकोट्टै येथे ५०१ रोमन सुवर्णनाणी एकत्र सापडली, व त्यांतील बहुतेकांवर मुद्दाम मारलेला छेद आढळला. तेर आणि हैदराबादजवळील कोंडापूर येथील उत्खननांत रोमन नाण्यांच्या नमुन्यावर घडविलेली मातीची पदकेही मिळाली आहेत. ही पदके अलंकार म्हणून वापरली जात असावीत. त्यांत फसविण्याचा हेतू नव्हता, म्हणून त्यांस ‘अनुकृती’ म्हणावे, ‘खोटी नाणी’ म्हणू नये.

फसविण्याचा धंदा मात्र नाण्यांइतकाच जुना आहे. रोमन काळातच तांब्याच्या चकतीवर चांदीचा पातळ पत्रा चढवून लोक खोटे देनारिउस पाडीत. इ. स. पूर्व पहिल्या शतकात मारिउस ग्रातिदिआनुस या अधिकाऱ्याने नाणी पारखण्याची व्यवस्था केली, तेव्हा कृतज्ञ रोमकरांनी गल्लोगल्ली त्याचे पुतळे उभारले. खोटे नाणे लोकांस किती जाचत होते, हे यावरून कळून येते. पुढे प्लिनी नावाच्या ग्रंथकाराने तर असे नमूद केले आहे, की खोट्या देनारिउसचा नमुना अभ्यासावयास मिळावा म्हणून लोक त्याच्यासाठी कित्येक खरी नाणी मोजतात! अशी प्राचीन बनावट नाणी आज संग्रहालयांत मानाने ठेवली जातात, कारण तीही त्या काळाची साक्षीदारच होत. खरा शत्रू आहे तो संग्राहकास लुबाडण्यासाठी अर्वाचीन काळात बनविलेले नाणे.

आता परीक्षेकडे वळू. पहिला प्रश्न असा, की नाणे ठोकलेले आहे की ओतलेले? रोमन टांकसाळीत धातूची तापविलेली चकती दोन ठशांमध्ये धरून वरच्या ठशावर हातोड्याचा घाव घालीत. त्या दाबाने धातू बाहेरच्या बाजूस सरकतो. म्हणून अक्षरांच्या कडा रेखीव उमटतात आणि काठाला पुष्कळदा तडे जातात. नकली नाणे बहुधा खऱ्या नाण्यावरून साचा घेऊन त्यात धातू ओतून बनवितात. अशा नाण्याची अक्षरे किंचित बोथट, साबणासारखी गुळगुळीत दिसतात. भिंगाखाली हवेच्या बुडबुड्यांचे बारीक खड्डे आढळतात आणि काठावर साच्याच्या दोन भागांचा सांधा दिसतो. हा सांधा कानशीने घासून टाकला असेल, तर त्या घासण्याच्या रेघा तरी राहतातच. म्हणून जाणकार मनुष्य राजाचा मुखवटा पाहण्यापूर्वी नाण्याचा काठ पाहतो.

दुसरी परीक्षा तराजूची. ऑगस्टस व टायबेरिअस यांच्या काळचा देनारिउस साधारण पावणेचार ते चार ग्रॅम भरतो. नीरोने इ. स. ६४ च्या सुमारास त्याचे वजन उतरवून साडेतीन ग्रॅमच्या आत आणले. वजनाच्या जोडीला विशिष्ट गुरुत्व काढावे. समजा, एक नाणे हवेत ३.८० ग्रॅम भरले आणि दोऱ्याने पाण्यात टांगले असता ३.४३ ग्रॅम भरले. वजनात घट झाली ०.३७ ग्रॅमची. ३.८० ला ०.३७ ने भागिले असता सुमारे १०.३ येतात. शुद्ध चांदीचे विशिष्ट गुरुत्व १०.५ आणि तांब्याचे जवळजवळ ९ आहे. तेव्हा हे नाणे बहुतांशी चांदीचे असावे. आर्किमिडीजचा हा नियम विद्यार्थी शाळेत शिकतातच. मात्र घट मोजण्यात ०.०१ ग्रॅमची चूक झाली, तरी उत्तर १०.० किंवा १०.६ येईल. म्हणून तराजू फार नाजूक हवा आणि निष्कर्ष सावधपणे काढावयास हवा.

तिसरी परीक्षा जुळ्यांची. हाताने ठोकलेली दोन नाणी एकाच ठशाची असली, तरी त्यांचा आकार, तडे व ओरखडे एकसारखे असू शकत नाहीत. दोन नाण्यांवर तोच पोचा त्याच जागी दिसला, तर त्यांपैकी निदान एक तरी नकली आहे, असे बेलाशक समजावे.

परंतु धूर्त कारागीर या साऱ्यांतून निसटू पाहतो. जर्मनीतील कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२-१८३०) हा पोलादाचे ठसे स्वतः कोरून नाणी ओतण्याऐवजी ठोकीत असे. कधी कधी तो चकती म्हणून झिजलेले खरे प्राचीन नाणेच वापरी, त्यामुळे धातूही जुनाच भरे! नव्या नाण्यांची चकाकी जावी म्हणून लोखंडाच्या किसाच्या पेटीत ती घालून तो पेटी गाडीला बांधी आणि गाडी हिंडवून आणी. त्याचे बिंग पुढे फुटले ते ठशांमुळे. त्याच्या ठशांचा अभ्यास झाल्यावर त्यांतून निघालेले प्रत्येक नाणे ओळखता येऊ लागले.

याच्या उलट प्रकारही घडू शकतो. ट्रान्सिल्व्हेनियात १७१३ साली काही सुवर्णनाणी सापडली. त्यांवर ‘स्पॉन्सिआनुस’ या इतिहासास अज्ञात असलेल्या सम्राटाचे नाव होते. नाणी ओतीव व ओबडधोबड असल्याने पंडितांनी ती बनावट ठरविली. २०२२ साली ग्लासगो येथील नाण्याची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली. वापराने पडलेले ओरखडे आणि त्यांवर घट्ट बसलेले मातीचे थर पाहून संशोधकांनी ते नाणे अस्सल असल्याचे प्रतिपादिले. इतर नाणकशास्त्रज्ञांनी नाण्याच्या घडणीकडे व अशुद्ध लेखाकडे बोट दाखवून हा निष्कर्ष अमान्य केला. एका माणसाचे इतिहासातील अस्तित्वच येथे एका नाण्याच्या खरेपणावर अवलंबून आहे! कोणतीही एक कसोटी अखेरचा निकाल देत नाही. अनेक स्वतंत्र साक्षी एकमेकींशी जुळाव्या लागतात, एवढा बोध यातून घ्यावा.

सर्वांत मोलाची साक्ष मात्र नाण्याच्या बाहेर असते. ते कोठे, केव्हा, कशासोबत सापडले, ही ती साक्ष होय. सीझरच्या वधाच्या स्मरणार्थ ब्रूटसने इ. स. पूर्व ४२ च्या सुमारास दोन खंजिरांची छाप असलेली नाणी पाडविली. त्यांतील एक सुवर्णनाणे २०२० साली लंडनमध्ये सुमारे ३२ लाख पौंडांस विकले गेले. नाणे खरे होते, पण त्याच्या पूर्वमालकीची हकीकत खोटी निघाली, आणि २०२३ साली ते ग्रीसला परत करण्यात आले. चोरून उकरलेल्या नाण्याची किंमत बाजारात राहते. परंतु त्याच्या भोवतीच्या मातीत लिहिलेला इतिहास कायमचा पुसला जातो.

म्हणून वाचकांपैकी कोणास शेतात वा पायाच्या खोदकामात जुनी नाणी सापडली, तर त्यांनी ती चिंचेने किंवा राखेने घासून उजळवू नयेत, कारण त्या मळातच पुरावा असतो. सापडल्याची जागा टिपून ठेवावी आणि १८७८ च्या निखात निधीविषयीच्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे. नाणे पारखणाराने आपली सचोटीही कसास लावावी, असे आम्हांस वाटते.