परिचारकाची परिचर्या : वसईतील धर्मग्रामांच्या निमित्ताने

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, नवव्या अध्यायात, चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. उपस्थात्याच्या ठायी उपचारांचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता हे चार गुण असावेत, हे आपण सर्वांनी परीक्षेसाठी पाठ केले आहे. व्यवहारात मात्र आपली दृष्टी पहिल्या दोन पादांपलीकडे क्वचितच जाते. ही कबुली आम्ही प्रथम स्वतःपुरती देतो.

वसई परिसरातील आमच्या चिकित्सालयात पंचेचाळिशीच्या एक ख्रिस्ती भगिनी कटिशूल आणि अनिद्रेची तक्रार घेऊन येत असत. योगराज गुग्गुळ, दशमूलारिष्ट, कटिबस्ती असा क्रम तीन महिने चालला, उपशय अत्यल्प. एके दिवशी त्यांनी नंबर लवकर घेण्याची विनंती केली, कारण ‘सासूबाईंना एकट्या टाकून आले आहे.’ तेव्हा कुठे आम्ही विचारले. सासूबाई पक्षाघाताने दोन वर्षे अंथरुणास खिळलेल्या. शय्याव्रण होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागे, रात्रीसुद्धा, आणि तीही एकटीने. पती पहाटेच्या लोकलने मुंबईस जाणारे, नणंद परदेशी. केसपेपरवर आम्ही ‘निद्रानाश’ असे लिहिले होते. वस्तुतः त्या बाईंना निजण्यास सवडच नव्हती.

अशा घरापर्यंत नियमाने पोहोचणारी संस्था कोणती, याचा विचार करता आमच्यासमोर चर्चच आले. वसईचा धर्मप्रांत 1998 साली मुंबईच्या महाधर्मप्रांतातून वेगळा झाला. येथील सामवेदी आणि वाडवळ ख्रिस्ती समाजाची मिस्सा मराठीत होते, आणि आपल्या धर्मग्रामात कोणत्या घरी कोण अंथरुणास खिळले आहे हे धर्मगुरूंना बहुधा वैद्याच्या आधी ठाऊक असते. जे वृद्ध मिस्सेस जाऊ शकत नाहीत त्यांना ख्रिस्तप्रसाद घरी नेऊन दिला जातो; 1973 पासून हे कार्य नेमून दिलेले प्रापंचिक स्त्री-पुरुषही करू शकतात. आजाऱ्यांना पवित्र तेल लावण्याचा संस्कार केवळ मरणासन्नांसाठीच नसून वार्धक्याने क्षीण झालेल्यांसाठीही आहे. (हे तेल परंपरेने ऑलिव्हचे, 1972 साली पोप सहावे पॉल यांनी अन्य वनस्पतिजन्य तेलासही अनुमती दिली. तैलप्रेमी वैद्यांस हे रोचक वाटावे.) घरोघरी जाऊन गरजूंना भेटण्याची परंपराही जुनी आहे, सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी 1833 साली पॅरिस येथे याच हेतूने स्थापन झाली.

तात्पर्य, उंबरठा ओलांडलेलाच आहे. पण भेटीस आलेला सेवक रोग्याजवळ प्रार्थना करतो, ख्रिस्तप्रसाद देतो आणि पुढच्या घरी जातो. सून त्या वेळी स्वयंपाकघरात असते. रविवारी चर्चमध्ये तिची जागा रिकामी दिसते, तिचा अर्थ बहुधा कोणी लावत नाही.

आमची सूचना लहान आहे. ख्रिस्तप्रसाद नेणाऱ्या सेवकाबरोबर दुसरी एक व्यक्ती जावी आणि तिने ठरलेल्या वारी दोन तास तेथेच बसावे. त्या दोन तासांत शुश्रूषा करणाऱ्याने मिस्सेस जावे, बाजारात जावे अथवा निजावे. हिशेब कोणी मागू नये. एकदाच येऊन गेल्याने उपयोग नाही. येणारी व्यक्ती शक्यतो तीच असावी, म्हणजे वृद्धांनाही परकेपणा वाटत नाही.

येथे आपल्या बांधवांस शिबिराचा मोह होईल. मांडव, फलक, मोफत च्यवनप्राश, छायाचित्र. आम्हीही अशी शिबिरे केली आहेत. पण जो अंथरुणातून उठू शकत नाही आणि जी त्याला सोडून येऊ शकत नाही, ती दोघेही शिबिरात दिसत नाहीत. त्याऐवजी बसण्यास जाणाऱ्या स्वयंसेवकांना अर्धा दिवस शिकवावे : कूस कशी बदलावी, आडवे असताना घास वा पाणी का देऊ नये, त्वचेवरचा कोणता लाल डाग पाहताच वैद्यास कळवावे. विशेष बजावून सांगावे की मधुमेह्याच्या बधिर पायांस गरम पिशवीने शेकू नये. अशा दग्धव्रणांची चिकित्सा आम्हाला दोनदा करावी लागली आहे. औषध देणे आणि एकट्याने रोग्यास उचलणे, ही दोन कामे स्वयंसेवकांनी करू नयेत.

औषधालयांच्या मालकांचे स्थान याहून महत्त्वाचे मानतो. दरमहा तीच सून तीच चिठ्ठी घेऊन येते, हे काउंटरवर प्रथम दिसते. पुड्यांवर मोठ्या अक्षरांत वेळ लिहावी. रक्त पातळ करणारी आधुनिक औषधे चालू आहेत काय, मधुमेह आहे काय, हे आसवारिष्टे किंवा गुग्गुळकल्प देण्यापूर्वी विचारावे आणि उत्तर संशयास्पद असल्यास वैद्यास दूरध्वनी करावा. आणि एक प्रश्न अधिक : ‘तुम्ही स्वतः कशा आहात?’ मात्र चर्चच्या आवारात विक्री नको. तसे झाल्यास उद्या दार बंद होईल आणि ते योग्यच होईल.

संकोचाचा अडसर आहेच. ‘आमचे आम्ही करतो’ असे सांगणारी घरे पुष्कळ. मदत घेणे म्हणजे कर्तव्यात उणे पडणे, अशी समजूत सर्वच समाजांत आहे. म्हणून पहिला शब्द वैद्याचा नव्हे, धर्मगुरूंचा असावा.

वरील भगिनींच्या धर्मगुरूंशी आम्ही बोललो. त्यांनी विचारले ते एवढेच, की वार कोणता. बुधवार ठरला. पहिल्या बुधवारी त्या शेजारच्या बाईंसमोर ताटकळत बसूनच राहिल्या. दुसऱ्या बुधवारी अंगणात गेल्या. चौथ्या बुधवारी झोपल्या आणि दोन तासांनी उठवले तेव्हा रागावल्या. कटिशूल अद्याप आहे. बस्तीक्रम पुन्हा सुरू केला आहे, तो आता बुधवारीच देतो.