शहर बदलण्याआधी प्रकृतीचा हिशेब

निवृत्तीला वर्ष-दोन वर्षे उरली की मुंबई, ठाणे, डोंबिवली, पुण्यातल्या अनेक घरांत एक चर्चा हमखास सुरू होते. इथला फ्लॅट विकायचा आणि नाशिक, सांगली किंवा कोल्हापूरकडे मोठे, हवेशीर घर घ्यायचे. उरलेल्या पैशांचे व्याज येईल, गर्दी सुटेल, स्वच्छ हवा मिळेल आणि प्रकृतीही सुधारेल. यातला पैशांचा हिशेब बहुतेक जण काटेकोरपणे करतात. प्रकृतीचा मात्र गृहीत धरला जातो.

मध्यम शहर कशाला म्हणायचे याची एकच व्याख्या नाही. केंद्र सरकार आपल्या कर्मचाऱ्यांच्या घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे गट पाडते. त्यात ५० लाखांहून अधिक वस्तीची शहरे ‘एक्स’ गटात, तर ५ ते ५० लाखांची ‘वाय’ गटात येतात. २०११च्या जनगणनेत नाशिकची लोकसंख्या १५ लाखांच्या जवळ होती, कोल्हापूरची साडेपाच लाखांच्या आसपास आणि सांगली-मिरज-कुपवाडची ५ लाखांच्या थोडी वर. ही सगळी ‘वाय’ गटातली शहरे. पण तिथे राहणाऱ्याच्या शरीरावर होणारा परिणाम एकसारखा नसतो, आणि स्थलांतर करणाऱ्याचे वय काय यावरही बरेच अवलंबून असते.

सर्वांत खात्रीचा फायदा प्रवासाचा. कर्जत-कसाऱ्याहून किंवा विरारहून रोज मुंबई गाठणाऱ्या माणसाचे तीन-चार तास जाण्यायेण्यात जातात आणि ते बहुधा झोपेतून वजा होतात. सततच्या अपुऱ्या झोपेचा रक्तदाब, रक्तातली साखर आणि वजन यांच्याशी संबंध असल्याचे आता पुरेसे स्पष्ट आहे. अमेरिकेत टेक्सासमधल्या चार हजारांहून अधिक प्रौढांचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. घर आणि कामाचे ठिकाण यांतले अंतर जितके जास्त, तितकी त्या व्यक्तींची शारीरिक क्षमता कमी आणि कमरेचा घेर व रक्तदाब जास्त, असा त्याचा सर्वसाधारण निष्कर्ष होता. हे लोक मोटारीने जाणारे होते. लोकलमध्ये लटकणाऱ्यांचे हाल वेगळे. तरी पंधरा-वीस मिनिटांत कामावर पोहोचणारा माणूस रात्री तासभर जास्त झोपू शकतो, हे सांगायला अभ्यासाची गरज नाही.

अडचण अशी, की हा फायदा नोकरी करणाऱ्याचा. पस्तिशी-चाळिशीतल्या माणसाला तो सर्वाधिक मिळेल, पण पगार आणि मुलांच्या शाळा यांमुळे तो हलत नाही. निवृत्त माणसाचा रोजचा प्रवास तर निवृत्तीच्या दिवशीच संपलेला असतो. तो जागचा न हलताही ती झोप त्याला मिळणार असते. म्हणजे शहर बदलण्याचा विचार जो सर्वांत जास्त करतो, त्याच्या वाट्याला सर्वांत मोठा फायदा येतच नाही. त्याच्यासाठी बाकीच्या गोष्टी तपासायला हव्यात.

पहिली गोष्ट हवा. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात, हवेचे निकष न पाळू शकलेल्या शहरांच्या यादीत मुंबई-पुण्याबरोबर नाशिक, कोल्हापूर, सांगली, सोलापूर, लातूर, जालना, अमरावती अशी नावे आहेत. पीएम २.५ या अतिसूक्ष्म कणांची वार्षिक सरासरी घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमपर्यंत आपल्या देशात चालते; जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची शिफारस ५ची आहे. त्यामुळे देशी निकषात बसणारी हवासुद्धा स्वच्छ म्हणावी अशी नसते. मुंबईला निदान समुद्रावरच्या वाऱ्याचा आधार आहे. देशावर हिवाळ्याच्या रात्री जमीन झपाट्याने थंड होते, थंड हवेचा थर खाली बसतो आणि वर उबदार हवेचे झाकण पडते. कचरा जाळल्याचा धूर, रस्त्यावरची धूळ, वीटभट्ट्या, ऊस तुटल्यावर पेटवलेले पाचट हे सगळे त्या झाकणाखाली अडकते. सूर्य वर येऊन जमीन तापेपर्यंत ते सुटत नाही. दमा किंवा सीओपीडी असलेल्या माणसाने डिसेंबरमध्ये पहाटे साडेपाचला फिरायला जाणे अशा ठिकाणी फायद्याचे नाही. उन्हे आल्यावर निघालेले बरे. घर पाहायला बहुतेक लोक पावसाळ्यानंतर, हवा धुऊन निघालेली असताना जातात, हाही एक घोळच.

दुसरी गोष्ट पाणी. महानगरात टंचाईच्या कितीही तक्रारी असल्या तरी बहुतेक इमारतींत रोज पाणी येते. सोलापूर, छत्रपती संभाजीनगर यांसारख्या शहरांत वर्षानुवर्षे नळाच्या दोन पाळ्यांमध्ये काही दिवसांचे अंतर राहिले आहे. लातूरला तर २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. पाणी अंतराने आले की पिंप, टाक्या, हंडे भरून ठेवणे आले. डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासाला असेच साठवलेले, स्वच्छ पाणी लागते. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. पण नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या वर चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही काही महिने तग धरतात. पिंप आतून घासावे लागते. सत्तरीतल्या गुडघ्यांनी आणि कमरेने हे दर आठवड्याला करायचे, याचाही विचार व्हावा. नळाला किती दिवसांनी पाणी येते हे बिल्डरला विचारण्यापेक्षा शेजारच्या आळीत विचारावे.

आता दवाखान्याकडे. ‘तिथेही सगळी मोठी हॉस्पिटले आहेत’ असे उत्तर नेहमी मिळते आणि बऱ्याच अंशी ते खरे असते. मिरजेचेच पाहा. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथे रुग्णालय सुरू केले आणि पुढे त्या गावात इतके डॉक्टर जमले, की कर्नाटकातूनही रुग्ण तिथे येऊ लागले. लोकसंख्येवरून वैद्यकीय सोयीचा अंदाज बांधता येत नाही तो असा. प्रश्न फक्त सोय आहे की नाही एवढा नसतो. ती किती वेळात आणि किती वेळा लागणार, हेही पाहावे लागते. त्या दृष्टीने आजारांचे तीन गट करता येतात.

काही आजार मिनिटांचे. पक्षाघातात मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद झाली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असे एक गाजलेले गणित आहे. गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांत द्यावे लागते. त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते, कारण रक्तस्राव असताना हे औषध घातक ठरते. मोठी गुठळी नळीवाटे ओढून काढणारे तज्ज्ञ तर मोजक्याच ठिकाणी असतात. हृदयविकाराच्या झटक्यात थोडी सवड आहे. निदानानंतर दोन तासांत अँजिओप्लास्टी होण्यासारखी नसेल तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देऊन रुग्णाला पुढे पाठवता येते, आणि हे इंजेक्शन लहान रुग्णालयातही देता येते. म्हणून नव्या शहरात विचारायचा प्रश्न असा: रात्री दोन वाजता, रविवारी किंवा दिवाळीत, सीटी स्कॅन आणि कॅथलॅब चालू असते का? बोर्डावर ‘२४ तास’ लिहिलेले असते. तंत्रज्ञ आणि डॉक्टर घरून बोलवावे लागतात का, हे वेगळे विचारावे लागते. लहान अंतरे आणि मोकळे रस्ते हा इथे मध्यम शहराचा मोठा फायदा आहे. सोय असेल तर तिथे दहा मिनिटांत पोहोचता येते. महानगरात तीच सोय पाच किलोमीटरवर असूनही संध्याकाळी पाऊण तास लागू शकतो.

काही आजार आठवड्यांचे. डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा. रेडिएशन बऱ्याच कर्करोगांत आठवड्याचे पाच दिवस, असे पाच-सहा आठवडे. पक्षाघातानंतरची फिजिओथेरपी महिनोन् महिने. या गोष्टी राहत्या शहरातच हव्यात. त्यासाठी दर वेळी कोल्हापूरहून पुण्याला सव्वादोनशे किलोमीटर जाणे कोणालाही झेपणारे नाही.

उरलेले आजार एकदाचे. गुडघा बदलणे, मोतीबिंदू, ठरवून केलेली बायपास. यासाठी मुंबईला येऊन महिनाभर मुलाकडे राहता येते. गंमत अशी, की शहर निवडताना लोक चौकशी करतात ती नेमकी याच गटाची: ‘गुडघ्याचा चांगला सर्जन आहे का?’

चालण्याचा मुद्दा थोडा उफराटा आहे. मुंबईकराला स्टेशनचे जिने, पूल आणि फलाट यांमुळे रोज नकळत दोन-तीन किलोमीटर चालणे घडते. मध्यम शहरात बससेवा बहुधा तोकडी, फुटपाथ नावापुरते, म्हणून घरटी स्कूटर येते आणि कोपऱ्यावरचे दूधही स्कूटरवरून आणले जाते. बासष्टाव्या वर्षी यात काही वावगे वाटत नाही. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी नजर अंधुक होते, प्रतिक्रिया मंदावतात, स्कूटर बंद होते, आणि मग गावाबाहेरचा तो ऐसपैस बंगला बाजारापासून, दवाखान्यापासून, देवळापासून एकदम लांब जातो. घर जुन्या वस्तीत, किराणा-औषध-भाजी चालत मिळेल अशा ठिकाणी घेतले तर हा तोटा बराच भरून निघतो. तळमजल्याचे घर मिळाले तर फायदाच: लिफ्ट नसलेल्या चार मजली जुन्या इमारतीत गुडघे थकले की माणूस आठवडाआठवडा खाली उतरत नाही.

खाली न उतरण्याने स्नायू झिजतात, आणि माणसेही तुटतात. १४८ अभ्यास एकत्र करून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात, ज्यांचे सामाजिक संबंध घट्ट त्यांची त्या-त्या अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त आढळली. गावी भावंडे, शाळूसोबती असतील तर परतणाऱ्याला हे भांडवल तयारच मिळते. पण केवळ हवा चांगली म्हणून अनोळखी शहरात जाणारे जोडपे तीस वर्षांची सोसायटी, भजनी मंडळ, कट्टा मागे सोडते. ताण मोजण्यासाठी होम्स आणि राहे यांनी १९६७ मध्ये केलेल्या मोजपट्टीत निवृत्तीला ४५ आणि घर बदलण्याला २० गुण आहेत. दोन्ही एकाच वर्षात करायचे की दोन वर्षे मध्ये जाऊ द्यायची, हे आपल्या हातात असते. बायकांची ओळखपाळख बहुधा शेजारात विणलेली असते, त्यामुळे शहर बदलल्याचा धक्का त्यांना जास्त बसू शकतो; निर्णयात त्यांचे मत शेवटी घेतले जाते हे बरे नाही.

सांगली-कोल्हापूर भागात घर घेताना २०१९ आणि २०२१चा पूर आठवावा आणि निळी व लाल पूररेषा नकाशावर पाहावी. डायलिसिसवर किंवा इन्सुलिनवर असलेल्या माणसाला चार दिवस वेढा पडणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

एक वर्ष भाड्याने राहून पाहणे हा सर्वांत स्वस्त प्रयोग, मात्र त्या वर्षात मे, ऑगस्ट आणि डिसेंबर तिन्ही तिथेच काढावेत. आरोग्य विम्याची पॉलिसीही उघडून वाचावी. काही पॉलिसींत हप्ता शहराच्या गटानुसार ठरतो. लहान शहराचा पत्ता दिला की हप्ता उतरतो, पण पुढे मुंबईत उपचार घेतले तर बिलाचा काही हिस्सा रुग्णाला भरावा लागतो. निघताना जुन्या डॉक्टरकडून डिस्चार्ज कार्डे, चालू औषधांची यादी आणि ठणठणीत असतानाचा एक ईसीजी घेऊन ठेवावा. छातीत दुखते म्हणून रात्री नेलेल्या रुग्णाच्या आलेखातला बदल आजचा आहे की दहा वर्षांपूर्वीचा, हे नव्या डॉक्टरला त्या कागदावरून लगेच कळते.