बावखलाकाठच्या बदामावरचे तीन पावसाळे

2022 च्या जूनमध्ये, पहिल्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, वसईजवळच्या उमेळ्यातल्या आमच्या पडवीत दिव्याखाली तळहातापेक्षा मोठा एक पतंग मरून पडला होता. पंखांच्या चिंध्या झालेल्या, अंगाला मुंग्या लागलेल्या. वहीत मी ‘ॲटलास पतंग’ अशी नोंद केली. एवढा मोठा पतंग म्हणजे ॲटलासच, इतकंच तेव्हा ठाऊक होतं. नोंद चुकली होती, हे कळायला दोन पावसाळे गेले.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठच्या बदामाखाली मिऱ्यांएवढ्या लेंड्या पडलेल्या दिसू लागल्या. प्रत्येक लेंडीवर उभ्या खोबणी, जणू साच्यातून काढल्यासारख्या. मान वर करून बराच वेळ शोधलं तेव्हा अळी दिसली. बोटापेक्षा लांब, जाडजूड आणि पानाइतकी हिरवीगार. मागच्या पायांनी फांदी घट्ट धरून, पुढचा भाग उचलून ती निश्चल बसली होती. कुशीवर चांदीच्या टिकल्यांसारखे चकचकीत ठिपके होते. त्या ठिपक्यांनी ओळख पटवली: ही टसर रेशमाची अळी, अँथेरिया मायलिट्टा. अंड्यातून निघाल्यापासून ती चार वेळा कात टाकते आणि महिना-दीड महिना नुसती खात राहते. पुढच्या सगळ्या आयुष्याची शिदोरी तिला याच दिवसांत बांधायची असते, कारण पतंगाचं तोंड खाण्याच्या कामाचं उरत नाही.

दिवाळीच्या आसपास त्या झाडावर तीन कोष लटकलेले मोजले. कबुतराच्या अंड्याएवढे, राखाडी आणि टणक. वरच्या टोकाला रेशमाचाच देठ, आणि देठाच्या शेंड्याचं कडं फांदीला वेढून बसलेलं. बदामाची पानं लाल होऊन गळली तरी कोष पडत नाहीत, ते या कड्यामुळे.

हिवाळाभर कोषांत काहीच घडेना, तेव्हा मी वाचत बसलो. या पतंगाला शास्त्रीय नाव मिळालं 1773 साली, ड्रुरी या इंग्रज कीटकसंग्राहकाकडून. पण आपल्या विदर्भात त्याच्या कोषाला कोसा म्हणतात, आणि भंडारा-गडचिरोलीच्या जंगलात ढिवर समाजाची माणसं ऐनाच्या झाडांवर अळ्या चढवून, पाखरं-मुंग्यांपासून राखण करत हे पीक घेत आली आहेत. त्या धाग्याचं कापड भंडाऱ्याच्या आंधळगावात विणलं जातं. ऐन, अर्जुन आणि आपला बदाम ही एकाच गोतातली झाडं. तुंगारेश्वरच्या जंगलातल्या ऐनावर वाढणारा हा जीव उमेळ्याच्या बदामावर का आला, याचं उत्तर त्या नात्यात आहे.

मार्चमध्ये फांद्या छाटायला माणसं आली. दोन कोष फांद्यांसकट गाडीत गेले. त्यांना ते सुकलेलं फळ वाटलं असणार. मी आधी सांगायला हवं होतं, ही रुखरुख अजून आहे.

उरलेला तिसरा कोष 2024 च्या जूनमध्ये, उकाडा असह्य झाला होता तेव्हा, संध्याकाळी देठापाशी ओला दिसला. आतला पतंग तोंडातून द्रव सोडून भिंत मऊ करतो आणि धागे बाजूला सारत बाहेर येतो. ही मादी होती, पिवळसर, पोट भरगच्च. चुरगळलेले इवलेसे पंख कोषालाच लटकून तिने तासाभरात उलगडले. विजेरीच्या उजेडात चारही पंखांवर एकेक गोल डोळा दिसला, मधोमध अभ्रकासारखी पारदर्शक काच. ॲटलासच्या पंखावर या जागी त्रिकोणी खिडकी असते आणि पंखाचं टोक सापाच्या फण्यासारखं वळलेलं असतं. वहीतली 2022 ची नोंद त्याच रात्री खोडली. पडवीतल्या त्या फाटक्या पंखावरही गोल डोळाच होता.

मादी जागची हलली नाही. तिच्या गंधावर पहाटेपूर्वी पिसासारख्या रुंद मिशांचा, तांबूस रंगाचा नर आला. दिवसभर जोडी कोषावरच होती. रात्री मादी उडाली. सकाळी पानामागे मसुराएवढी, चपटी, तपकिरी अंडी मिळाली. ती नवव्या दिवशी फुटली.

तुमच्या वाडीतल्या बदामाच्या उघड्या फांदीवर देठाने लटकलेला राखाडी कोष दिसला, तर ती फांदी जून संपेपर्यंत तोडू नका. आणि पहिल्या पावसाच्या रात्री अंगणातला दिवा तेवढा मालवा.