लंबगोल चेंडू आणि करारातील बारीक अक्षरे

मध्यंतरी एका रविवारी आमच्या एका स्नेह्यांकडे जेवणाचा बेत होता. पाने मांडण्यापूर्वीच वहिनींनी एक जाडजूड लिफाफा आमच्या हाती दिला. "भावोजी, तुम्ही पेपरात लिहिता, तेव्हा हे जरा नीट वाचून सांगा," त्या म्हणाल्या. एका रग्बी क्लबाने त्यांच्या सतरा वर्षांच्या मुलाला देऊ केलेला दोन वर्षांचा करारनामा आत होता. वडिलांना काळजी परीक्षेची, आईला मुलाच्या मानेची आणि गुडघ्यांची. चिरंजीवांचा प्रश्न मात्र एकच होता, "काका, आकडा बरा आहे ना?"

आकडा पहिल्याच पानावर होता. पुढची सगळी पाने बारीक अक्षरांची. ती वाचता वाचता आमच्या ध्यानात आले, की क्रिकेटमधले लिलाव आपल्याला तोंडपाठ असतात. पण ज्या देशात आपली मुले वाढत आहेत, तेथील या खेळाचा व्यवहार आपल्याला फारसा ठाऊक नाही. म्हणून थोडी चौकशी केली, थोडे वाचन केले. त्यातून जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

रग्बी आणि पैसा यांचे भांडण जुने आहे. उत्तर इंग्लंडातील खाणकामगार आणि गिरणीकामगार शनिवारी खेळायला गेले की त्यांची मजुरी बुडे. ती भरून द्यावी की नाही, यावरून २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील क्लब वेगळे झाले आणि त्यातूनच पुढे 'रग्बी लीग' हा निराळा खेळ उभा राहिला. 'रग्बी युनियन'ने मात्र हौशीपणाचे सोवळे तब्बल शंभर वर्षे पाळले. ऑगस्ट १९९५मध्ये पॅरिसच्या बैठकीत ते सुटले, आणि तेव्हापासून खेळाडूला उजळ माथ्याने पगार घेता येऊ लागला. म्हणजे या खेळातील करारांची वाटाघाट अवघ्या तीन दशकांची आहे. नियम अजूनही बदलत असतात.

आपल्याकडे कबड्डीपटूला रेल्वेत किंवा बँकेत नोकरी लागली की घरात पेढे वाटले जात, कारण खेळ संपला तरी नोकरी उरे. येथे तसे नाही. करार दोन वर्षांचा म्हणजे दोन वर्षांचाच.

आणि खरी रस्सीखेच होते ती या मुदतीवरच. इंग्लंडातील वरच्या श्रेणीच्या क्लबांना पगारावर किती खर्च करावा, याची कमाल मर्यादा १९९९पासून आहे. ती २०२१मध्ये ५० लाख पौंडांवर आणली गेली आणि २०२४-२५च्या हंगामापासून पुन्हा ६४ लाख झाली. ही मर्यादा मोडली तर गत काय होते, ते सारासेन्स या बलाढ्य क्लबाने दाखवून दिले. नोव्हेंबर २०१९मध्ये त्याचे ३५ गुण कापले गेले, ५३ लाख पौंडांहून अधिक दंड झाला आणि पुढे त्याची खालच्या श्रेणीत रवानगी झाली.

एका ताटातले अन्न वाढायचे, आणि त्यात दोन-चार नामांकित खेळाडू मोठा घास घेणार. मग उरलेल्यांची पाने भरायची तर क्लबाला स्वस्तात मिळणारी तरुण मुले हवीतच. म्हणून क्लब म्हणतो, 'थोडा पगार घे, पण लांब मुदतीची सही कर.' ज्याच्या अंगात खरोखर गुण आहेत, त्याच्या हिताचे याच्या उलट असते. उद्या तो देशाकडून खेळला तर त्याची किंमत कितीतरी वाढेल. तेव्हा मुदत लहान बरी. पण उद्या गुडघाच गेला तर? मग हीच लहान मुदत गळ्याशी येते. हा सौदा आकड्याचा कमी आणि जोखमीचा अधिक आहे, हे चिरंजीवांना समजावून सांगताना आम्हाला बरेच प्रयास पडले.

दुसरी गोष्ट, सही कोणाबरोबर? ऑक्टोबर २०२२मध्ये वूस्टर क्लबाच्या खेळाडूंना हा धडा मिळाला. त्यांचे करार ज्या कंपनीच्या नावे होते, ती कंपनी थकलेल्या करापायी न्यायालयाने मोडीत काढली, आणि त्याबरोबर त्यांचे करारही संपुष्टात आले. त्याच महिन्यात वॉस्प्स क्लब बुडाला आणि खेळाडू व नोकरवर्ग मिळून १६७ जणांची नोकरी गेली. जून २०२३मध्ये लंडन आयरिशची पाळी आली. इंग्लंड-स्कॉटलंड सामन्याचा 'कलकत्ता करंडक' कसा घडला, हे येथे आठवते. कलकत्त्याचा रग्बी क्लब बंद पडला, तेव्हा बँकेतील शिल्लक चांदीचे रुपये वितळवून तो करंडक घडवला आणि १८७८मध्ये इंग्लंडच्या संघटनेला भेट दिला. तो क्लब मिटताना चांदी ठेवून गेला. हे क्लब मिटताना देणी ठेवून गेले!

लंडन आयरिशमध्ये हेन्री अरंडेल नावाचा मुलगा होता. जुलै २०२२मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तो पर्थला ऑस्ट्रेलियाविरुद्ध इंग्लंडकडून प्रथम उतरला आणि चेंडू पहिल्यांदा हाती येताच त्याने 'ट्राय' केला. वर्षभरात त्याचा क्लबच नाहीसा झाला. तो पॅरिसच्या रासिंग क्लबात गेला. परदेशी क्लबांत खेळणाऱ्यांना इंग्लंड सहसा निवडीत नाही. पण क्लब बुडालेल्यांना तेवढ्यापुरती सूट होती. म्हणून तो २०२३चा विश्वचषक खेळला आणि चिलीविरुद्धच्या एकाच सामन्यात त्याने पाच ट्राय केले. पुढे त्याने रासिंगशी करार वाढवला आणि इंग्लंडचे दार बंद झाले. ते उघडण्यासाठी २०२५मध्ये तो बाथला परतला. वॉस्प्सचा जॅक विलिस तुलूझला गेला आणि तेथेच रमला. २०२४मध्ये त्या क्लबाबरोबर त्याने युरोपचा चषक जिंकला. दोघांचेही निर्णय आपापल्या जागी योग्यच म्हणावे लागतील. किंमत मात्र दोघांनीही मोजली.

वेल्समध्ये तर प्रकरण संपापर्यंत गेले. २०२३च्या आरंभी अनेक खेळाडूंचे करार उन्हाळ्यात संपणार होते आणि नव्याचा पत्ता नव्हता. देऊ केले जात होते त्यात पगाराचा ८० टक्के भाग पक्का आणि २० टक्के भाग बक्षिसीवर अवलंबून. शिवाय वेल्सबाहेर खेळणाऱ्याला देशाकडून खेळायचे तर आधी ६० सामने झालेले हवेत, ही अट. इंग्लंडविरुद्धच्या सामन्यावर बहिष्कार घालण्याची भाषा खेळाडूंनी केली, तेव्हा कोठे तडजोड झाली. साठाची अट पंचवीसवर आली, पूर्ण पक्क्या पगाराचा पर्याय मिळाला आणि निर्णय घेणाऱ्या मंडळात खेळाडूंचा आवाज पोहोचला. एकजुटीने वाटाघाट केली की काय होते, ते येथे दिसले.

पण पंचवीसही पुष्कळच. जो हॉकिन्स या होतकरू सेंटरचे तेव्हा पाचच आंतरराष्ट्रीय सामने झाले होते. त्याने इंग्लंडातील एक्सेटरशी करार केला आणि वेल्सच्या संघाला तो मुकला. २०२५मध्ये तो स्कार्लेट्स क्लबात, म्हणजे वेल्सला, परतला. विशीच्या उंबरठ्यावर केलेली एक सही दोन वर्षे पुरली.

एजंटांविषयीही दोन शब्द. मुलगा चमकू लागला की हे गृहस्थ दारात येतात. त्यांत चांगलेही असतात. पण ते अधिकृत नोंदणी असलेले आहेत की नाहीत, हे आधी पाहावे. फुटबॉलपटू वेन रूनीने पंधराव्या वर्षी एका एजंट कंपनीशी केलेला करार त्याच्यावर बंधनकारक नव्हता, असा निकाल २००६मध्ये येथील उच्च न्यायालयाने दिला. कायदा अज्ञान मुलाला काही संरक्षण देतो, हे खरे. परंतु न्यायालयाची पायरी चढण्यापेक्षा सहीआधी चार दिवस थांबणे केव्हाही स्वस्त. इंग्लंडात खेळाडूंची स्वतःची संघटना आहे; तिचाही सल्ला घ्यावा.

तेव्हा वाचकहो, असा लिफाफा आपल्या घरी आला तर आकड्याआधी पाच प्रश्न विचारावेत. मुदत किती, आणि ती वाढवण्याचा हक्क क्लबाचा की मुलाचा? दीर्घ दुखापत झाली तर पगार किती दिवस चालू राहील? पगारात पक्के किती आणि बक्षिसीचे किती? करार कोणत्या कंपनीच्या नावे आहे? आणि शिक्षणासाठी वेळ मिळेल, हे लेखी आहे काय? हा शेवटचा प्रश्न केवळ आपल्या मध्यमवर्गीय भीतीचा नव्हे. अ‍ॅलेक्स डोम्ब्रांट हा कार्डिफच्या विद्यापीठात खेळून मग २०१८मध्ये हार्लेक्विन्स क्लबात गेला आणि पुढे इंग्लंडकडूनही खेळला. पदवीची वाट मैदानाकडेही जाते.

आमच्या स्नेह्यांनी हे पाचही प्रश्न क्लबाला लिहून पाठवले. "इतके प्रश्न विचारले म्हणून त्यांनी नकोच म्हटले तर?" असे म्हणून चिरंजीव आठवडाभर घरात रुसून होते. क्लबाने नको म्हटले नाही. आकडा तसूभरही वाढला नाही. पण आठवड्यातले दोन दिवस कॉलेजसाठी मोकळे राहतील, असे एक कलम आले, आणि दुखापतीच्या काळातील पगाराची मुदत वाढली. सही झाली त्या दिवशी आम्हाला पुन्हा जेवायला बोलावणे आले. वहिनींनी श्रीखंड केले होते.

"काका, एक सांगू?" निघताना चिरंजीव म्हणाले. "तो करार मी काल रात्री सगळा वाचला. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

त्याचा खेळ आम्ही अजून पाहिलेला नाही. पण या एका वाक्याने आम्हाला त्याची काळजी थोडी कमी वाटू लागली आहे.