कोणता पूल सुरक्षित? एक कच्चा प्रश्न पक्का करूया

'सायकलने रोज नदी कुठून ओलांडावी?' हा प्रश्न कामाचा आहे, पण संशोधनासाठी अजून कच्चा आहे. का, ते बघू.

वाशिम जिल्ह्यात पैनगंगा, अडाण, अरुणावती या नद्या आणि त्यांना मिळणारे कितीतरी नाले. त्यांवरचे ठेंगणे पूल, म्हणजे आपले रपटे, पावसाळ्यात पाण्याखाली जातात. समजा, जवळची वाट रपट्यावरून आहे आणि उंच पुलाने चार किलोमीटरचा फेरा पडतो. सुरक्षित कोणती?

आधी 'सुरक्षित' हा शब्द मोजता यायला हवा. पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो: वेग दुप्पट, तर जोर चौपट. सेकंदाला 2 मीटर वेगाने वाहणारं 30 सेंटीमीटर खोल पाणी दोन पायांना मिळून साधारण 12 किलो वजनाएवढं ढकलतं. त्यात सायकलची चाकं आडवी येतात. कठडा नाही, आणि गढूळ पाण्यात रपट्याची कड दिसत नाही.

पण उंच पुलावर ट्रक अंगावरून जातात. म्हणजे जानेवारीत कोरडा, कमी वर्दळीचा रपटा बरा ठरू शकतो. जुलैत तोच जीवघेणा. पुण्यातला भिडे पूलही खडकवासल्यातून विसर्ग वाढला की वाहतुकीला बंद होतो.

म्हणून पक्का प्रश्न असा: 'पाण्याची पातळी आणि वाहनांची वर्दळ किती असताना कोणता पूल घ्यावा?' सुरक्षितता एकट्या पुलाची नसते, पूल आणि दिवस दोघांची मिळून असते. तुमच्या विषयातही अशी सुटलेली अट शोधा.

आणि रपट्यावरून पाणी वाहत असेल, तर मोजत बसू नका. फेरा घ्या.